साखरपुड्यानंतर महिनाभरात लग्न? बेळगाव भागात वेडिंग प्लॅनर असा नेमा

आपल्या भागात घाईच्या लग्नांची कारणं ठरलेली असतात. मुलगा फौजेत असतो, सुट्टीत येतो आणि त्याच सुट्टीत साखरपुडा, हळद, लग्न सगळं उरकायचं असतं. नाहीतर घरात कुणी गेलेलं असतं आणि वर्षाच्या आत कार्य करायचं ठरतं. कधी मुलीचा परदेशाचा व्हिसा आलेला असतो. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न पहिल्या प्रकारात मोडणारं. आम्ही बेळगावातल्या शहापूरचे, मुलाकडची मंडळी सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातली आणि हातात महिन्याहून थोडेच दिवस जास्त. तेव्हा प्लॅनर नेमायचं ठरलं आणि ती जबाबदारी माझ्यावर आली. त्या काळात जे कळलं ते इथे क्रमाने मांडते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. सहा-आठ महिने हातात असतील तर प्लॅनरकडून कल्पना घ्यायच्या, सजावटीची चित्रं बघायची. महिनाच असेल तर त्याच्याकडून घ्यायची ती ओळख आणि पोच. त्या तारखेला कुठलं कार्यालय मोकळं आहे, कुठला आचारी येऊ शकतो, कोणता मांडववाला शब्दाचा पक्का आहे, हे ज्याला एका दिवसात फोनवर कळतं तोच तुमच्या कामाचा. त्याचं इन्स्टाग्राम कितीही देखणं असो, ते दुय्यम.

१. आधी दोन तारखा काढा, मग फोन फिरवा

भटजींकडून एकच मुहूर्त घेऊन येऊ नका. दोन घ्या, जमलं तर तीन, आणि त्यातला एक आडवारचा असू द्या. मुहूर्त मोजके असल्यामुळे एकाच दिवशी गावोगाव लग्नं असतात आणि सगळे त्याच आचाऱ्यांच्या, त्याच बँडच्या मागे लागतात. मंगळवार-बुधवारचा मुहूर्त असेल तर लग्न काही आठवड्यांवर आलं तरी शहरातली चांगली कार्यालयं मिळू शकतात. चातुर्मासात अडकला असाल तर भटजींना गौणकालातल्या, म्हणजे अडचणीच्या वेळी चालणाऱ्या, मुहूर्तांबद्दल विचारा. काही पंचांगं ते देतात.

तारीख पक्की करण्यापूर्वी आपल्या भागातल्या या गोष्टी तपासा.

डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं. त्या दिवसांत मंत्री, आमदार, अधिकारी, पोलीस यांच्यासाठी शहरातली हॉटेलं आणि लॉज भरून जातात. कार्यालय मिळेल, पण पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना खोल्या मिळणार नाहीत. अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या आहेत का ते आधी बघा.

एप्रिल-मे महिन्यात बेळगाव तालुक्यात आणि खानापूर भागात गावोगावच्या यात्रा असतात. एखाद्या मोठ्या गावची महालक्ष्मी यात्रा त्याच आठवड्यात असली की मांडव, जनरेटर, भांडी, वाढपी सगळे तिकडे जातात. शिवाय याच दिवसांत दुपार कलली की वळीव येतो. उघड्या लॉनवर संध्याकाळचं रिसेप्शन ठरवत असाल तर छताची सोय नसलेलं लॉन घेऊच नका, भाडं कितीही कमी असो.

निवडणुकीची आचारसंहिता लागू असेल तर ५० हजारांहून जास्त रोकड कागदपत्रांशिवाय नेताना तपासणी नाक्यावर अडवतात. राज्याच्या सीमेवर कोगनोळीला किंवा शिनोळी-बाचीच्या रस्त्याला बस्त्याचे पैसे घेऊन अडकण्यापेक्षा दुकानदाराला ऑनलाइन पैसे द्या. पत्रिका आणि बँकेतून पैसे काढल्याची पावती सोबत असू द्या.

२. घरात एक कारभारी नेमा

प्लॅनरला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो तर पाच जणांच्या पाच फोनचा. काका सांगतात स्टेज पूर्वेला, मामा सांगतात पश्चिमेला, आणि आत्या परस्पर फुलांचा रंग बदलतात. वेळ भरपूर असेल तर हे निभतं. इथे निभत नाही. म्हणून मुलीकडून एक आणि मुलाकडून एक अशी दोनच माणसं प्लॅनरशी बोलतील, हे घरात सगळ्यांसमोर ठरवा. वडीलधाऱ्यांना वाईट वाटू नये म्हणून रोज रात्री त्यांच्याशी बसून दिवसभरात काय ठरलं ते सांगत जा. आमच्याकडे आजोबांना रोजचा हिशोब वाचून दाखवायचा रिवाजच पडला आणि त्यामुळे कुणाचा रुसवा उरला नाही.

त्याच बैठकीत कामांची वाटणी करा. माझं ठाम मत असं आहे की काही कामं प्लॅनरला देऊच नयेत. देवक, घाणा, मुहूर्तमेढ, कुलदैवताला पत्रिका ठेवणं, भटजींची सामानाची यादी, मानपान, आहेर, रुखवत ही घरची कामं. मानाच्या साड्या कुणाला, टोपी-टॉवेल कुणाला, सीमांतपूजनाला पुढे कोण बसणार, हे बाहेरच्या माणसाला कितीही समजावलं तरी एखादं नाव सुटतं आणि ते नाव नेमकं थोरल्या मावशीचं निघतं. प्लॅनरकडे द्या ती जागा, मांडव, सजावट, जेवण, वीज, गाड्या, खोल्या, फोटो आणि लग्नाच्या दिवशीची वेळापत्रकाची धावपळ.

३. कुणाकुणाला विचारायचं

आपल्याकडे या कामाची माणसं साधारण तीन प्रकारची. बेळगाव शहरातले इव्हेंटवाले, ज्यांचा मूळ धंदा बहुतेकदा डेकोरेशन किंवा साऊंडचा असतो आणि पुढे ते सगळंच करू लागतात. दुसरे पुणे, कोल्हापूर किंवा गोव्याकडून येणारे व्यावसायिक प्लॅनर. तिसरे कार्यालयाचेच मॅनेजर, जे स्वतःला प्लॅनर म्हणवत नाहीत पण पॅकेज देतात.

घाईच्या लग्नाला मी पहिल्याच प्रकाराकडे जाईन. पुण्याचा माणूस कामात नेटका असेल, पण त्याला रविवार पेठेतला किराणा किंवा खडेबाजारातला फुलवाला ठाऊक नसतो. तो इथल्याच कुणाला तरी काम देणार आणि मधला खर्च तुमच्यावर येणार. लग्न साधं असेल, दोन-अडीचशे माणसांचं, तर तिसरा प्रकारही पुरतो. फक्त कार्यालयाच्या पॅकेजमध्ये बाहेरचा आचारी किंवा बाहेरचा डेकोरेटर चालतो का, हे आधीच विचारा. बऱ्याच ठिकाणी चालत नाही.

नावं मिळवायची ती गेल्या वर्षभरात लग्न झालेल्या घरांतून. आणि त्या घरी फोन केलात तर ‘कसं झालं?’ एवढंच विचारू नका, कारण उत्तर ‘छान झालं की’ असंच येणार. विचारा, जेवणाची दुसरी पंगत वेळेत बसली का, शेवटी सांगितल्यापेक्षा जास्त पैसे मागितले का, आणि लग्नाच्या दिवशी स्वतः मालक हजर होता की पोरं पाठवली.

४. पहिल्या भेटीत हे विचारा

भेट शक्यतो त्याच्या ऑफिसात न करता एखाद्या कार्यालयात करा. तिथे तो माणसांशी कसा बोलतो, मॅनेजर त्याला ओळखतो का, हे आपोआप दिसतं. जाताना सोबत एका कागदावर दोन्ही तारखा, माणसांचा अंदाज, खर्चाची वरची मर्यादा आणि घरच्या कामांची यादी लिहून न्या.

मग सरळ विचारा:

- त्या तारखेला तुमच्याकडे आणखी किती लग्नं आहेत? आमच्या मांडवात सकाळपासून कोण उभं राहणार, त्याचं नाव काय?
- आत्ता, आमच्यासमोर फोन करून दोन आचारी आणि दोन कार्यालयं मोकळी आहेत का सांगाल?
- यातली कुठली कामं तुमची माणसं करतात आणि कुठली दुसऱ्यांना देता?
- तुमचं मानधन कसं? ठरावीक रक्कम, एकूण खर्चावर टक्के, की सगळं धरून पॅकेज?
- आमच्या ओळखीचा मांडववाला किंवा आचारी चालेल का?
- तारीख पुढे-मागे झाली तर काय?

दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आम्ही ज्यांच्याशी बोललो त्यातल्या एकाने तो ऐकून म्हटलं, “होय की ताई, बघूया की, तुम्ही टेन्शन घेऊ नका.” फोन मात्र लावला नाही. दुसऱ्याने खिशातून फोन काढला, स्पीकरवर टाकला आणि थोड्याच वेळात कुठलं कार्यालय गेलंय, कुठलं आहे, हे आमच्यासमोर उघड केलं. त्याने एक वाईट बातमीही दिली, की आम्हाला हवा होता तो आचारी त्या दिवशी अडकलेला आहे. आम्ही त्यालाच काम दिलं. जो पहिल्या भेटीत ‘नाही’ म्हणू शकतो तो लग्नाच्या आदल्या रात्रीही खरं सांगतो.

शेवटचा प्रश्न फौजी घरांनी विसरूच नये. सुट्टी मंजूर झाली तरी पुढे सरकू शकते, रद्दही होऊ शकते. तारीख बदलली तर किती पैसे नव्या तारखेला वळते होतील आणि किती बुडतील, हे भेटीतच बोला. नंतर त्यावर बोलायची वेळ आली तर दोन्ही बाजू चिडलेल्या असतात.

५. पैशांचं गणित

टक्केवारीवर मानधन असेल तर एक हिशोब मांडून बघा. समजा एकूण खर्च ८ लाख आणि मानधन १० टक्के, म्हणजे ८० हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी १४,४००. सांगितलेला आकडा जीएसटी धरून की वगळून, हे तिथल्या तिथे विचारा आणि जीएसटी लावत असेल तर बिलावर त्याचा नोंदणी क्रमांक हवा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या सेवा व्यावसायिकाला नोंदणीची सक्ती नाही. तो नोंदणी नसताना जीएसटी मागत असेल तर देऊ नका.

टक्केवारीत आणखी एक अडचण आहे. खर्च वाढला की त्याचं मानधन वाढतं. मला घाईच्या लग्नासाठी ठरावीक रक्कम बरी वाटते, कारण तेव्हा घासाघीस करायला आपल्याकडे वेळ नसतो.

जेवणाचा हिशोब वेगळा मांडा. शहरात ताटामागे दर असतो आणि कमीत कमी किती ताटांचे पैसे द्यावे लागतील हे ठरलेलं असतं. गावाकडे आपण सामान भरायचं, आचाऱ्याला मजुरी द्यायची आणि वाढायला गल्लीतली मुलं. दुसरी पद्धत स्वस्त पडते. पण वेळ कमी असताना किराणा, भाजी, गॅस, भांडी हे सगळं घरच्यांच्या अंगावर येतं. आम्ही मधला मार्ग काढला. हळदीचं जेवण घरच्या पद्धतीने, लग्नाचं जेवण ताटावर. मांडे किंवा कुंदा ठेवायचा असेल तर ती ऑर्डर पहिल्याच आठवड्यात द्या.

पैसे टप्प्यांत द्या: थोडा विसार, कार्यालय आणि आचारी यांच्या पावत्या हातात आल्यावर दुसरा हप्ता, आणि काही रक्कम लग्नानंतर देण्यासाठी राखून. घाई असल्यामुळे पूर्ण रक्कम आगाऊ मागणारे भेटतात. कारण चांगलं वाटतं, पण देऊ नका. कार्यालयाचं भाडं शक्यतो तुम्ही स्वतः भरा आणि पावती तुमच्या नावाची घ्या. आयकर कायद्याने एका कार्यासाठी एका व्यक्तीकडून २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही, तुकडे करूनही नाही. म्हणून मोठी रक्कम बँकेतूनच द्या.

६. करार लिहून घ्या

‘आपल्याच माणसाकडून काय लिहून घ्यायचं?’ असं घरात कुणीतरी म्हणेल. तरी घ्या. ई-स्टँप पेपरवर दोन पानं पुरतात. त्यात हे हवं:

- कार्यक्रमांच्या तारखा, जागा, सुरू व्हायची आणि आवरायची वेळ
- प्रत्येक कामाचा दर, ते करणाऱ्याचं नाव आणि फोन
- हजर राहणाऱ्या मुख्य माणसाचं नाव
- हप्ते आणि त्यांच्या तारखा
- तारीख बदलली, लग्न रद्द झालं, पाऊस आला, वीज गेली तर काय
- जास्तीचा खर्च कुणाच्या लेखी परवानगीशिवाय करायचा नाही. व्हॉट्सॲपवरचा होकारही लेखी धरायचा

करार तुम्हाला वाचता येईल अशा भाषेत हवा. कार्यालयांचे नियम आणि पावत्या पुष्कळदा कन्नडमध्ये छापलेल्या असतात. कन्नड वाचता येत नसेल तर सही करण्यापूर्वी शेजारच्या कुणाकडून तरी ओळ न् ओळ वाचून घ्या. अनामत परत मिळण्याच्या, भांडी फुटल्याच्या, रात्री किती वाजता हॉल रिकामा करायचा त्या अटी तिथेच असतात.

पुढे काही बिनसलंच तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे ती तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते, म्हणजे प्लॅनर पुण्याचा असला तरी बेळगावात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

७. सीमेमुळे वाढणारी कामं

बाहेरच्या प्लॅनरच्या लक्षात या गोष्टी येत नाहीत, इथल्याच्याही कधी निसटतात.

वऱ्हाडाची गाडी हा पहिला मुद्दा. चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूर किंवा गोव्याकडून वऱ्हाड येणार असेल तर खासगी बसचं परमिट दुसऱ्या राज्यात चालतं का, ते गाडीवाल्याकडून कागद बघून खात्री करा. ‘चालतंय की’ एवढ्यावर थांबू नका. अडवली तर दंड आणि मुहूर्त दोन्ही तुमच्या माथी. कधीकधी तणावामुळे दोन राज्यांतल्या एसटीच्या फेऱ्या बंद राहतात, तेव्हा एसटीने येणाऱ्या पाहुण्यांची नावं वेगळी काढून त्यांच्यासाठी एक-दोन गाड्या राखून ठेवा. गोव्याहून येणाऱ्यांना पावसाळ्यात चोर्ला घाटाला जास्त वेळ लागतो हे धरा.

कार्यालयाकडे जाणारे दिशादर्शक फलक मराठी आणि कन्नड दोन्हीत करा. आपल्या लग्नात दोन्ही भाषांचे पाहुणे असतातच. वाढप्यांपैकी आणि स्वागताला उभं राहणाऱ्यांपैकी काही जण दोन्ही बोलणारे हवेत.

मिरवणूक आणि ध्वनिक्षेपकासाठी जवळच्या पोलीस ठाण्याची परवानगी प्लॅनरने काढायची की तुम्ही, ते ठरवा. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वरात संध्याकाळी असेल तर बँडची सुपारी देतानाच संपायची वेळ सांगा.

ड्रोनने चित्रीकरण करायचं असेल तर सावध. सांब्रा विमानतळ आणि कॅम्प भागातलं लष्करी क्षेत्र यामुळे बऱ्याच ठिकाणी परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. फोटोग्राफरला ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा दाखवायला सांगा. सजावटीसाठी थर्माकोल आणि जेवणासाठी प्लास्टिकच्या ताटल्या-पेले १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत. पत्रावळी आणि स्टीलचे पेले कराराच्या यादीत लिहा.

वीज हेस्कॉमची. लग्नसराईच्या उन्हाळ्यात ती जातेच. जनरेटर आहे का एवढं विचारू नका. त्याच्यावर स्वयंपाकघर, पाण्याची मोटर आणि साऊंड एकाच वेळी चालतात का, ते चालवून बघा.

८. दिवस कसे वाटायचे

पहिल्या आठवड्यात कार्यालय, आचारी, भटजी, फोटोग्राफर, पत्रिकेचा मजकूर. दुसऱ्यात बस्ता, दागिने, पत्रिका छपाई, पाहुण्यांच्या खोल्या. शहापूरच्या पेठेत साड्या मिळतील, पण ब्लाऊज शिवायला शिंप्यांकडे रांग असते, तेव्हा कापड आधी तिकडे पोचवा. तिसऱ्यात पत्रिका वाटप, गाड्या, परवानग्या, जेवणाचा अंतिम आकडा. उरलेले दिवस मोकळे ठेवा, ते आपोआप भरतात. लग्नाच्या दोन दिवस आधी प्लॅनर, आचारी, मांडववाला आणि दोन्ही घरचे कारभारी यांची कार्यालयातच एक बैठक घ्या आणि मुहूर्तापासून उलट वेळा मोजत या. अक्षता १२ वाजून काही मिनिटांनी असतील तर नवरदेव कधी पोचायला हवा, त्यासाठी बस चंदगडहून कधी निघायला हवी, हे तिथे ठरतं.

लग्नाच्या दिवशी घरातल्या कुणीही मजुरांना थेट सूचना देऊ नयेत. कारभाऱ्याने प्लॅनरला सांगायचं, प्लॅनरने पुढे.

९. नोंदणी आणि शेवटचा हिशोब

विवाह नोंदणीची कागदपत्रं लग्नाआधीच एका फाइलमध्ये घाला: दोघांचे आधार, जन्मतारखेचा पुरावा, फोटो, लग्नपत्रिका, साक्षीदारांचे आधार. लग्नात लग्नविधीचे, हार घालतानाचे स्पष्ट फोटो काढून घ्या. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखालची नोंदणी कर्नाटकात २०२४ पासून कावेरी या सरकारी संकेतस्थळावरून ऑनलाइनही करता येते. लग्न महाराष्ट्राच्या हद्दीत लागलं तर नोंदणी कुठल्या कार्यालयात करायची ते आधी विचारून घ्या. फौजेत असलेल्या मुलाला पत्नीची नोंद करायला हा दाखला लागतो, म्हणून सुट्टी संपायच्या आत हे काम करा. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करणार असाल तर ३० दिवसांची नोटीस लागते, ती साखरपुड्याच्या आधीच द्यावी लागेल.

हिशोबासाठी लग्नानंतर आठवड्याच्या आत बसा. करारातला दर, प्रत्यक्षातला आकडा आणि जास्तीच्या खर्चाचे होकार असे तीन रकाने काढा. ताटांची मोजणी लग्नाच्या दिवशीच घरच्या एकाने आचाऱ्यासोबत केलेली असेल तर इथे वाद होत नाही. भाड्याच्या भांड्यांची आणि कार्यालयाची अनामत परत आल्याची पावती बघा, फोटो आणि व्हिडिओ कधी मिळणार ती तारीख लिहून घ्या, आणि मगच राखून ठेवलेली रक्कम द्या.